उपसणारा पंप आणि फिरवणारा पंप

महाराष्ट्रातल्या पंपाची गोष्ट विहिरीच्या काठावरून सुरू होते. साताऱ्याजवळ लिंब गावच्या शिवारात बारा मोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. भोवतीची आमराई भिजवायला काठावर एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी सोय केलेली. पुण्यामुंबईची माणसं आज तिथले शिल्पकाम आणि खालचा महाल पाहायला जातात. मी गेले की आधी काठावरचे दगड बघते. नाड्याचा ताण, भरलेल्या मोटेचं वजन, बैलांची ओढ, सगळा भार त्या दगडांनी पेलला आहे.

माझे वडील कोरेगाव तालुक्यातले. लहानपणी ते मोट हाकायचे. भरलेली मोट वर आणताना बैल धावेवरून उताराला चालत जायचे. मोट थारोळ्यापाशी आली की सोंदुराच्या, म्हणजे सोंडेला बांधलेल्या बारीक दोराच्या, ओढीनं तिची सोंड मोकळी व्हायची आणि पाणी धपकन थारोळ्यात पडून पाटाला लागायचं. मग बैलांनी उलट पावली चढण चढत मागं यायचं. हे उलट चालणं जनावराला शिकवावं लागतं आणि ते त्याच्या मानेला फार जड जातं, असं वडील सांगायचे. दिवसभर मोट चालली तरी भिजायचं किती, तर तुकडाभर रान. म्हणून पाण्याचा एकेक हात उपसा किती महागात पडतो हे त्या पिढीला अंगानं माहीत होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना हलवला आणि किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर, कडबा कापायचं यंत्र, उसाचा चरक हे आधीचं. १९२६ मध्ये तिथं केंद्रोत्सारी पंप तयार झाला. या पंपाचं काम समजायला सोपं आहे. पंख्यासारखी चकती, म्हणजे इंपेलर, पंपाच्या बंद घरात गरगर फिरते, पाणी मधून ओढून कडेला फेकते आणि त्या फेकण्याच्या जोरावर पाणी पाइपातून वर चढतं. सुरुवातीला तो ऑइल इंजिनावर चालायचा, पुढं खेडोपाडी वीज गेली तशी मोटरवर. मोट बघता बघता मोडीत निघाली. वडिलांनी बैलांची मान सुटलेली पाहिली, म्हणून पंपाबद्दल ते कायम हात जोडून बोलायचे. मी इंजिनिअर व्हावं, आणि तेही पंपांतच, हा त्यांचा हट्ट. मुलीनं वर्कशॉपमध्ये जावं असं म्हणणारा बाप तेव्हा आमच्या गावात दुसरा नव्हता.

हे सगळं सांगण्याचं कारण माझ्या आजच्या कामात आहे. नोकरी संपल्यावर मी पोहण्याचे तलाव आणि सोसायट्यांची पंपघरं तपासते: वीज कुठं जाते, पाणी कुठं जातं, ऊब कुठं जाते. आणि प्रत्येक पंपघरात मला विहीर भेटते. आपल्याकडे पंप आला तो उपसायला. त्याची किंमत आपण एकाच मापानं करायला शिकलो, किती एचपीचा. तीनचा असेल तर पाचचा बरा, पाचचा असेल तर साडेसातचा. पाणी खोल जात होतं, तेव्हा ते खोटंही नव्हतं. त्यात सत्तरच्या दशकापासून शेतीपंपांना मीटरऐवजी एचपीवर वीज आकारली जाऊ लागली. पंप दोन तास चालवा की दहा तास, बिल तेवढंच. रात्री-अपरात्री वीज येणार, म्हणून ऑटो स्विच लावून मोकळं व्हायचं; वीज आली की पंप आपोआप सुरू, गेली की बंद. पाणी बांधावरून वाहून गेलं तरी कुणी उठत नव्हतं. शेतकऱ्याला मी यात दोष देत नाही. मध्यरात्री विंचूकाट्यातून विहिरीवर जायला लावणाऱ्या व्यवस्थेत दुसरं काय होणार? पण पंप चालू म्हणजे सगळं ठीक, ही समजूत तिथं पक्की झाली. ती तिथून शहरात आली आणि निळ्या टाइल्सच्या तलावाखालच्या खोलीत येऊन बसली.

तलावाचा पंप मात्र काहीही उपसत नाही. पाणी तलावातून निघतं, केसांच्या जाळीतून पंपात येतं, वाळूच्या फिल्टरमधून जातं आणि परत त्याच तलावात, त्याच पातळीला येऊन पडतं. पंपघर बहुतेक वेळा पातळीच्या खालीच असतं, म्हणजे पाणी आपणहून पंपात शिरतं. इथं चढण नाही. विरोध आहे तो फक्त पाइपाच्या घर्षणाचा, वळणांचा आणि वाळूचा. आणि या विरोधाचा स्वभाव विहिरीच्या खोलीपेक्षा वेगळा आहे. विहीर शंभर फूट खोल असली की पाणी हळू काढा की भराभर, शंभर फूट चढवावंच लागतं. घर्षणाचं तसं नाही, पाणी हळू गेलं की घर्षण झपाट्यानं कमी होतं. पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मं येतं, पण ताकद लागते आठवा हिस्सा. तेवढंच पाणी फिरवायला दुप्पट वेळ चालवावा लागला, तरी वीज साधारण पावपट. प्रत्यक्षात मोटर आणि तिचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये थोडं जातं, हिशेब इतका स्वच्छ उतरत नाही, पण दिशा हीच. तलावाच्या पंपाला मोठेपणा नको, सावकाशपणा हवा.

पाणी फिरवण्याची ही कल्पना पोहण्याच्या तलावांत तशी उशिराच आली. आपल्याकडे पोहणं म्हणजे विहीर नाहीतर नदी. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा, काठावरून कुणीतरी ढकलून द्यायचं, आणि चार दिवसांत पोरगं मुटका मारायला लागायचं. विहिरीचं पाणी झऱ्यानं भरायचं, मोटेनं उपसलं जायचं. ते आपोआप बदलत राहायचं. इंग्लंडात १८४६ साली कायदा झाला आणि नगरपालिकांना करातून सार्वजनिक न्हाणीघरं बांधायची मुभा मिळाली. गिरणीगावांत घराघरांत नळ नव्हता, पटकीच्या साथी येत होत्या. लोकांनी अंग धुवावं म्हणून ही सोय. त्यांत पोहण्याचे हौदही आले. ते भरायचे, कोळशाच्या बॉयलरनं कोमट करायचे, आठवडाभर त्यात माणसं उतरायची आणि मग सगळं गटारात सोडायचं. पाणी ताजं त्या दिवशी तिकीट जास्त. जसजसं गढूळ होईल तसतसं स्वस्त. ज्याच्या अंगावर जास्त काजळी, त्याच्या वाट्याला घाण पाणी.

मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया बाथ्सची गोष्ट तर मी तरुण इंजिनिअरांना मुद्दाम सांगते. १९०६ साली उघडलेली देखणी इमारत, रंगीत काचा, चकचकीत टाइल्स, स्वतःची विहीर. तीन तलाव. विहिरीचं ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या पुरुषांना, तिथलं वापरलेलं दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांना आणि त्यानंतर बायकांना. पाण्याची आणि कोळशाची काटकसर त्यांनी केली खरी, पण ती कुणाच्या जिवावर, हे त्या पाइपांच्या क्रमात लिहून ठेवलेलं आहे. काटकसरीचा आराखडा हातात आला की त्यात शेवटचा नंबर कुणाचा, हे मी तेव्हापासून आधी शोधते.

यातून सुटका केली ती पंप आणि फिल्टर यांच्या जोडीनं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तेच पाणी वाळूतून गाळून परत आणायची पद्धत रुळत गेली. १९१० च्या सुमारास अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या तलावात ब्लीचिंग पावडर वापरून पाणी निर्जंतुक करून दाखवलं गेलं, आणि गाळलेलं पाणी सुरक्षितही ठेवता येतं हे सिद्ध झालं. आपण याकडे आरोग्याचा टप्पा म्हणून बघतो, आणि तो आहेच. पण पंपघराच्या बाजूनं बघा. दर आठवड्याला गटारात जाणाऱ्या पाण्याबरोबर त्यात ओतलेला सगळा कोळसाही वाहून जात होता. पाणी राहिलं तशी त्यातली ऊबही राहिली. म्हणजे तलावात पंप आला तोच मुळी बचत करायला. महिनोन्‌महिने तेच पाणी, रोज थोडी भर घालून, वापरता येऊ लागलं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तो उन्हाळा आठवणाऱ्या महाराष्ट्राला याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि ज्या यंत्राचा जन्म बचतीसाठी झाला, त्याचं आपण काय केलं, ते एका पंपघरात बघा. पुण्याच्या पश्चिमेकडची एक सोसायटी, नाव सांगत नाही. पंचवीस मीटरचा तलाव. खाली उतरलं की क्लोरीनचा वास आणि मोटरची घरघर. साडेसात एचपीचा पंप चोवीस तास चालू. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह निम्म्यावर आणून त्याचं चाक तारेनं पाइपाला घट्ट बांधलेलं. मी विचारलं, "दादा, हे का बांधलंय?" ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, पुरा उघडला की फिल्टरचा काटा लाल पट्ट्यात जातो. वाळू उसळते. म्हणून आवळून ठेवलाय." त्याचं काही चुकलं नव्हतं. बसवणाऱ्यानं पंप गरजेपेक्षा मोठा दिला होता आणि फिल्टर वाचवायला तो बिचारा ब्रेक दाबून उभा होता. सोसायटी महिन्यामागून महिना विजेचे पैसे भरत होती, त्यातले कितीतरी त्या अर्ध्या मिटलेल्या व्हॉल्व्हवर आवाज करण्यात जात होते. ग्लँडची डोरी गळत होती, खाली पाण्याचं थारोळं. केसांची जाळी काढली तर तिच्यात एक रबरबँड आणि मूठभर पानं.

तिथं ड्राइव्ह बसवला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, वेग पन्नास हर्ट्झवरून पस्तीसवर आणला. सत्तर टक्के वेग म्हणजे हिशेबानं ताकद एकतृतीयांश. फिल्टरचा काटा खाली आला, घरघर थांबली, आणि ऑपरेटर पहिल्यांदाच माझ्याशी आवाज न चढवता बोलू शकला. बॅकवॉशला, म्हणजे वाळू उलटी धुताना, मात्र पुरा जोर लागतो. तेव्हा पन्नासवर न्यायचं. सुट्टीत पोरांची गर्दी असते तेव्हाही वेग वाढवायचा, कारण पाणी दिवसातून पुरेशा वेळा फिल्टरमधून गेलंच पाहिजे. तिथं कंजूषी केली तर पोरांचे डोळे चुरचुरणार आणि कान दुखणार. नव्या तलावाच्या बांधकामात माझं ऐकणारा कुणी भेटला तर मी पाइप एक माप मोठा घ्यायला लावते. तो खर्च एकदाच होतो, घर्षणाचं बिल मात्र दर महिन्याला येतं.

ऊब हा दुसरा भाग. पाणी तापवण्यात आपण मागं होतो असं मात्र म्हणता येत नाही. आमच्या घरी तांब्याचा बंब होता. खाली जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा, आणि पाण्याच्या मधोमध वर गेलेली नळी. जाळ त्या नळीतून वर जायचा, म्हणजे विस्तवाच्या चहूबाजूंनी पाणी. चुलीवर पातेलं ठेवलं की निम्मी धग बाजूनं निसटते, बंबात तिला पाण्यातूनच वाट काढावी लागते. वाफेच्या इंजिनातल्या अग्निनळी बॉयलरचं तत्त्व हेच. शेंगांची टरफलं, करवंट्या, कणसांची बुरकुंडं, ज्याला जळण म्हणूनही कुणी विचारलं नसतं त्यावर आमच्या घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या. वर झाकण. आई झाकण उघडं राहिलेलं दिसलं की तिथूनच ओरडायची.

ते झाकण तलावाला नाही, आणि तिथंच सगळं बिघडतं. तापवलेल्या उघड्या तलावाची ऊब भिंतींतून फारशी जात नाही, ती जाते पृष्ठभागावरून, आणि त्यातही सगळ्यात जास्त बाष्पीभवनानं. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की मागं राहिलेल्या पाण्यातून सुमारे दोन तृतीयांश युनिट ऊब घेऊन जातं. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद तलावाची पातळी समजा पुण्याच्या कोरड्या डिसेंबरच्या रात्री तीन मिलिमीटर उतरली. सकाळी कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ते नऊशेहून जास्त लिटर पाणी झालं आणि ऊब गेली सहाशे युनिटांहून जास्त. तलाव सरासरी चौदाशे मिलिमीटर खोल असेल तर ते सगळं पाणी एक अंशापेक्षा थोडं जास्त थंड झालं. सकाळी हीटर तेवढं भरून काढणार, रात्री ते परत उडणार. रात्री तलावावर चादर ओढली तर यातलं बरंचसं थांबतं. हीटरच्या भावाचे तीन कागद मागवणाऱ्या समित्या चादरीचा एक कागद मागवत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चादर पाणीही वाचवते आणि क्लोरीनही.

आता हीटर. साधा विजेचा हीटर एक युनिट घेऊन एक युनिट ऊब देतो, त्याहून जास्त देणं त्याच्या हातात नाही. पण ऊब निर्माण न करता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये मांडलं होतं. १८५६ मध्ये ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी एबनझे इथल्या मिठाच्या कारखान्यात तसं यंत्र चालवून पाहिलं. मिठाचं पाणी आटवताना निघणारी वाफ दाबून तिचीच ऊब पुन्हा वापरायची. फ्रिज आतली ऊब मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात टाकतो. हीट पंप तेच करतो, फक्त आपल्याला हवी असते ती मागची बाजू.

ही विद्या तलावापर्यंत आली ती युद्धाच्या टंचाईत. स्वित्झर्लंडकडे कोळसा नव्हता, तो बाहेरून यायचा, मुख्यतः जर्मनीकडून. डोंगरातून उतरणाऱ्या पाण्याची वीज मात्र स्वतःची. झुरिक शहरात १९३८ मध्ये जुन्या टाउन हॉलमधल्या शेगड्या काढून हीट पंप बसवला गेला. समोरून वाहणाऱ्या लिमाट नदीच्या थंड पाण्यातून तो ऊब काढायचा. पुढं युद्ध पेटलं, कोळशाची आवक आटली, आणि १९४१ मध्ये त्याच शहरानं पोहण्याचा बंदिस्त तलाव उघडला, हालेनबाड सिटी, वास्तुकार हर्मान हेर्टर. शेजारी सगळं युरोप जळत असताना या शहरानं लोकांना कोमट पाण्यात पोहायची सोय केली आणि ती हीट पंपावर केली. माझी भाची झुरिकला असते. तिच्याकडे गेले तेव्हा मी त्या तलावात पोहून आले. मधल्या काळात नूतनीकरण झालं आहे, पण ती उंच काचा असलेली शांत, उजळ जागा तशीच आहे. पोहून झाल्यावर मी बाहेर बाकावर बसून भाचीला अर्धा तास हा सगळा इतिहास सांगितला. तिनं तो ऐकलाही.

हीट पंपाला तलाव का मानवतो, याचं उत्तर तपमानात आहे. आंघोळीला चाळिशीच्या वरचं पाणी लागतं. पोहण्याच्या स्पर्धेला २५ ते २८ अंश. ऊब जितकी कमी उंचीवर चढवायची तितकी कमी वीज. पुण्याच्या हवेत दिवसा चालवला तर चांगला हीट पंप एका युनिटात चार-पाच युनिटांची ऊब आणून देतो. म्हणून तो रात्री नव्हे, दुपारी चालवावा. दुपारची हवा गरम असते, तिच्यातून ऊब काढणं सोपं जातं, आणि संध्याकाळी चादर ओढली की ती तलावातच राहते. गच्चीवर जागा असेल तर साध्या काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून फिल्टरचं पाणी फिरवून आणलं तरी आपल्याकडचं ऊन तलावाला पुरतं, काचेच्या महाग सोलर पॅनेलची गरज पडत नाही. या नळ्यांसाठी मात्र पाणी गच्चीवर चढवावं लागतं. तिथं पंपाला पुन्हा थोडं उपसण्याचं काम येतं, आणि तेवढा वेग द्यावाच लागतो.

या सगळ्याची नोंद कोण ठेवतं? पंपघरातला ऑपरेटर. त्याच्याकडे लांब पानांची वही असते. सकाळी सहा, फिल्टरच्या आधीचा दाब, नंतरचा दाब, पाण्याचं तपमान, क्लोरीन, पीएच, बॅकवॉश किती मिनिटं, शेवटी सही. दोन दाबांतला फरक वाढत गेला की वाळू तुंबली. बॅकवॉश झाला की फरक खाली. पाच-सहा महिन्यांची पानं एका बैठकीत वाचली की त्या तलावाची पूर्ण कहाणी कळते. कधी पंपानं हवा पकडली, कधी सुट्ट्या लागल्या, पातळी कधी आणि का उतरत होती. तलाव बांधणाऱ्यांची नावं संगमरवरी पाटीवर असतात. या वह्या वर्ष संपलं की रद्दीत जातात. मी जिथं जाते तिथं जुन्या वह्या मागून घेते. आत्ता माझ्याकडे एक कपाट भरलं आहे. त्यातल्या एका तलावाच्या वह्यांतून मी सध्या गेल्या वीस वर्षांतल्या हिवाळ्यांचं पाण्याचं तपमान उतरवून घेते आहे. आलेख झाला की तिथल्या समितीपुढं चादरीचा कागद मी स्वतः ठेवणार आहे.